कॉलेजातच कामाचे शिक्षण: बौद्धिक दिव्यांग तरुणांसाठी एक वर्षाचा वर्ग कसा चालवावा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वर्षांपर्यंतचा आहे. त्यानंतर बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न किंवा डाउन सिंड्रोम असलेला तरुण बहुतेक वेळा घरी बसतो. वेळेवर उठायची, डबा घेऊन निघायची, परक्या माणसांत वावरायची जी सवय शाळेने लावलेली असते ती घरी बसून सुटत जाते, आणि मग घरातले म्हणतात की याला काम जमणार नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांतल्या पदवी कॉलेजांना हे थांबवता येईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. कँटीन, वाचनालय, झेरॉक्सचे दुकान, हॉस्टेलचे स्वयंपाकघर, बाग, प्रयोगशाळा अशी खऱ्या कामाची ठिकाणे आवारात आहेतच, आणि त्याच वयाची शेकडो मुलेमुलीही आहेत.

आधी कामे शोधा, मग मुले घ्या

विशेष शिक्षकाने एक पूर्ण दिवस आवारात हिंडावे आणि दोन प्रश्न विचारत कामांची यादी करावी. हे काम रोज निदान वीस वेळा होते का? आणि ते झाले नाही तर कुणाच्या लक्षात येते का? दोन्हींचे उत्तर हो असेल तरच ते काम प्रशिक्षणाचे. कँटीनची टेबले साफ करणे, परत आलेली पुस्तके रंगाच्या पट्टीप्रमाणे कपाटात लावणे, स्पायरल बाइंडिंगसाठी पाने जुळवणे, प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणे, हॉस्टेलच्या चादरींच्या घड्या, रोपवाटिकेत पिशव्या भरणे ही कामे या कसोटीला उतरतात. मेणबत्त्या, फिनेल आणि कागदी पिशव्या उतरत नाहीत. त्या बनतात, प्रदर्शनात एकदा विकल्या जातात आणि कोपऱ्यात पडून राहतात. काम गरजेचे नाही हे प्रशिक्षणार्थ्याला कळते, आणि वर्ष संपल्यावर त्या कौशल्याला गिऱ्हाईक नसते.

पहिल्या वर्षी सहा ते आठ जणच घ्या. त्यांच्यासाठी दोन माणसे लागतात. एक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला विशेष शिक्षक, आणि दुसरा कामाच्या जागी सोबत राहणारा प्रशिक्षक. दुसऱ्याकडे पदवी नसली तरी चालते, पण त्याला ते काम स्वतःच्या हाताने चांगले येत असले पाहिजे. सात जणांना एकाच ठिकाणी पाठवू नका. एका जागी दोघेच. चौघे झाले की ते आपापसातच राहतात आणि कँटीनचे लोक फक्त प्रशिक्षकाशी बोलतात.

अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात १९९६ साली 'प्रोजेक्ट सर्च' सुरू झाला. एकाच संस्थेत वर्षभर राहून वेगवेगळ्या विभागांत फेरीने काम शिकायचे, ही त्याची पद्धत आपल्या कॉलेजांना उसनी घेता येते. सुमारे दहा आठवड्यांची एक फेरी, अशा तीन फेऱ्या. आपल्याकडे सेमिस्टर परीक्षेच्या काळात कँटीन ओस पडते, सुट्टीत ते बंदच असते, म्हणून कॉलेजचे वेळापत्रक हातात आल्यावरच फेऱ्यांच्या तारखा ठरवा. गणेशोत्सवाच्या आठवड्यात नवी फेरी कधीच सुरू करू नका. बेळगावात त्या दिवसांत बसच्या वेळा, गर्दी आणि घरचा दिनक्रम सगळेच बदललेले असते.

कागदपत्रे

यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे ओळखपत्र) आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आधी पाहा. बौद्धिक दिव्यांगत्वाचे लहानपणी मिळालेले प्रमाणपत्र १८ व्या वर्षी नव्याने करून घ्यावे लागते. त्यानंतरचे कायमचे असते. प्रवेशाला येणाऱ्या अनेकांकडे जुनेच असते. दुसरी अडचण सीमाभागाची खास आहे. शाळेचा दाखला मराठीत, आधार कन्नड आणि इंग्रजीत, बँकेचे खाते इंग्रजीत, आणि आडनाव तिन्ही ठिकाणी वेगळे लिहिलेले. पगाराची वेळ आल्यावर हे लक्षात आले तर महिने जातात. प्रवेशाच्या दिवशीच सगळे कागद एका रांगेत मांडून अक्षर न् अक्षर जुळवा आणि दुरुस्तीला लगेच सुरुवात करा. उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला नाडकचेरीतून (कर्नाटकातले महसूल खात्याचे स्थानिक कार्यालय) मिळतो. खेड्यातल्या कुटुंबाला अर्ज भरायला ग्रामपंचायतीतला ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता मदत करतो, त्याची ओळख करून घ्या.

महाराष्ट्रातल्या चंदगड बाजूने येणाऱ्यांसाठी एवढे लक्षात ठेवा: यूडीआयडी देशभर चालते, पण पेन्शन आणि राज्याच्या योजना रहिवासाप्रमाणे मिळतात.

मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्वाचे प्रमाणपत्र घेता येते. पण सरसकट सगळ्यांनी ते घेऊ नये. ज्याला सही करता येते, पैसे म्हणजे काय हे कळते, त्याचे खाते त्याच्याच नावावर साधेपणाने उघडून पाहा. आधीच पालकत्व घेऊन ठेवले की त्याच्या वतीने सही करण्याची घराला सवय लागते.

पहिले दोन आठवडे: फक्त पाहणे

बुद्ध्यंकाच्या आकड्यावरून काम ठरवू नका. प्रत्येकाला चार ठिकाणी दोन-दोन दिवस ठेवा आणि टिपत राहा. उभे किती वेळ राहवते? आवाज सहन होतो का? कुकरची शिट्टी, मिक्सर, घंटा यांनी स्वमग्न व्यक्ती कासावीस होत असेल तर कँटीनचे स्वयंपाकघर तिचे नव्हे, वाचनालय असेल. बोटांनी बारीक काम होते का, की खांद्यापासूनच्या मोठ्या हालचाली बऱ्या पडतात? काम संपल्यावर तो काय करतो: थांबतो, दुसरे शोधतो, की निघून जातो? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. काम येत असूनही नोकरी सुटते ती बहुधा दोन कामांच्या मधल्या रिकाम्या वेळेत.

त्याच वेळी तब्येत तपासून घ्या. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड कमी पडणे बरेच आढळते. मुलगा मंदावला, पेंगतो, तर त्याला आळशी म्हणण्याआधी थायरॉइडची रक्ततपासणी करा, आणि ती दरवर्षी करा. त्यांच्या मानेचे सांधे सैल असू शकतात, म्हणून डोक्यावर ओझे देऊ नका. कान आणि डोळेही तपासा. चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे पुस्तके चुकीच्या खणात जाणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

कामाचे तुकडे पाडणे

वर्षभराच्या शिकवण्याचा गाभा हाच आहे, इथे घाई करू नका. आधी कँटीनमधल्या सगळ्यांत कसबी माणसाला ते काम करताना तीनदा पाहा आणि प्रत्येक हालचाल लिहा. मग प्रशिक्षकाने लिहिलेल्या पायऱ्यांवरून स्वतः काम करून पाहावे. एखादी पायरी मनात गृहीत धरलेली असते, ती तेव्हाच सापडते. टेबल साफ करण्याचे तुकडे असे पडतात:

१. टब टेबलाच्या उजव्या खुर्चीवर ठेवणे.
२. ताटातले उष्टे एका ताटात गोळा करणे.
३. ग्लास टबात, तोंड वर.
४. ताटे एकावर एक, सगळ्यांत मोठे खाली.
५. ओले पिवळे फडके घेऊन लांबच्या कडेपासून स्वतःकडे पट्ट्या ओढणे, डावीकडून उजवीकडे.
६. खरकटे हातात झेलून टबात.
७. कोरड्या निळ्या फडक्याने तसेच पुन्हा.
८. खुर्च्या आत ढकलणे.
९. टब उचलण्याआधी एक पाऊल मागे जाऊन टेबल पाहणे.

सहावी पायरी बहुतेक याद्यांत नसते, आणि म्हणूनच खरकटे जमिनीवर पडते. पाचवीत चूक होते ती फडके गोल फिरवल्याने: मधला भाग चकचकीत, कोपरे चिकट. टेबलाच्या लांबच्या डाव्या कोपऱ्यावर लाल टेपचा छोटा तुकडा लावा, सुरुवात तिथून. दोन आठवड्यांनी टेप निम्मी कापा, मग काढून टाका. फडक्यांचे रंग मात्र कायम ठेवा. कँटीनवाल्याने एक दिवस दोन्ही पांढरी फडकी दिली की सगळी घडी विस्कटते, तेव्हा फडकी वर्गाने विकत घ्यावीत, आठ-दहा जोड.

ज्याला लांब साखळी लक्षात राहत नाही त्याला शेवटून शिकवा. आठ पायऱ्या प्रशिक्षक करील, नववी तो करील. मग आठवी-नववी तो. काम दर वेळी त्याच्या हातून पुरे होते, आणि पुरे झाल्याचे समाधान त्याला पहिल्या दिवसापासून मिळते.

मदत चार पातळ्यांची. आधी मनात पाच आकडे मोजत थांबा. हालचाल झाली नाही तर बोटाने खूण करा. तरी नाही तर स्वतः करून दाखवा. शेवटी हात धरून करवा. या यादीत बोलणे मुद्दाम ठेवलेले नाही. "आता ग्लास घे, आता ताट घे" असे बोलत राहिलात तर तुमचा आवाजच त्या कामाची एक पायरी होऊन बसतो. तोंडी सूचना सोडवणे सगळ्यांत अवघड. हाताची मदत हळूहळू सैल करता येते, आवाज अर्धा करता येत नाही. पाच सेकंद गप्प उभे राहणे नव्या प्रशिक्षकाला फार जड जाते, त्याचाच सराव आधी करून घ्या.

रोज एका कागदावर नऊ पायऱ्यांपुढे एकच अक्षर लिहा: स्वतः केले तर स्व, खुणेने ख, दाखवून दा, हात धरून हा. दिवसभर नोंद नको, दुपारच्या गर्दीतली तीन टेबले पुरेत. सलग तीन दिवस 'स्व' आले की ती पायरी जमली असे धरा. चार दिवस एकच पायरी अडली तर माणसाला दोष न देता पायरी मोडा किंवा साधन बदला. वेगाचे उद्दिष्ट दहाव्या आठवड्याला: कसबी कामगाराला लागतो त्याच्या दुप्पट वेळेत काम व्हावे. पहिल्या महिन्यात घड्याळ लावूच नका. घाईत बसलेली चुकीची हालचाल नंतर उतरत नाही.

वजन आणि मोजणी यांसाठी साधने करून द्या. चिवड्याचे पाव किलोचे पाकीट भरताना काट्यावर जसा आकडा दिसतो तसाच मोठा छापून काट्याच्या पडद्याखाली चिकटवा. वाचायचे नाही, दोन आकृत्या जुळतात का तेवढे पाहायचे. पाच ग्रॅम जास्त चालेल, कमी चालणार नाही, एवढा एकच नियम. इथे हमखास होणारी चूक म्हणजे रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणायचे राहणे. मग डब्याचे वजन मालात धरले जाते आणि गिऱ्हाइकाला माल कमी जातो. शून्याच्या बटणावर हिरवा ठिपका लावा आणि ती पायरी यादीत दुसरी ठेवा. दहा वस्तू मोजायच्या असतील तर दहा खळग्यांची लाकडी पाटी सुताराकडून करून घ्या. खळगे भरले की मोजणी झाली.

शाबासकी कामाची द्या, माणूस मोठा आहे हे विसरून नव्हे. चोविसाव्या वर्षी "शाब्बास बाळा" ऐकावे लागणे कुणालाही आवडत नाही. कॉलेजची मुले एकमेकांना जशी नावाने हाक मारतात तशीच यांना मारावी, आणि लहान विद्यार्थ्यांनी दादा, ताई म्हणावे. हे पहिल्याच दिवशी कँटीनच्या सगळ्यांना सांगून ठेवा.

घरी मराठी, कामावर कन्नड

शिकवायची भाषा एकच ठेवा, घरात बोलतात ती. प्रशिक्षक मराठीत, कँटीनचा मालक कन्नडमध्ये आणि भांडीवाली हिंदीत तीच सूचना देऊ लागली तर प्रशिक्षणार्थी गोंधळतो आणि सगळ्यांना वाटते की तो ऐकतच नाही. पण बेळगावात काम करायचे तर कन्नडचे आठ-दहा शब्द कानाला ओळखीचे हवेतच: बन्नी (या), कोडी (द्या), साकु (पुरे), बेड (नको), नीरु (पाणी), आणि दहापर्यंतचे आकडे. हे शब्द वर्गात बसून पाठ करायला लावू नका. गिऱ्हाईक "साकु" म्हणाले की वाढणे थांबवायचे, असे त्या कृतीला जोडूनच शिकवा, रोज एक शब्द. अडल्यावर म्हणायचे एक वाक्यही पक्के करा: "थांबा, अण्णांना विचारतो." बोलता येत नसेल तर तेच दोन्ही भाषांत लिहिलेले कार्ड खिशात.

बसचा प्रवास

काम शिकायला जितके दिवस लागतात तितकेच प्रवासाला द्या. वडील रोज दुचाकीवर सोडत असतील तर वडील आजारी पडल्या दिवशी नोकरी थांबते. बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, म्हणून आपल्या गावाच्या पाटीचा फोटो काढून कार्ड करा आणि थांब्यावर उभे राहून ते पाटीशी जुळवायला शिकवा. पहिले पाच दिवस प्रशिक्षक शेजारच्या सीटवर बसतो, मग मागच्या सीटवर, मग पुढच्या थांब्यावर चढतो, मग दुचाकीवरून बसच्या मागे येतो, मग सीबीटी या बेळगावच्या बसस्थानकावर उभा राहून वाट पाहतो. एकेक टप्पा चुकांशिवाय चार दिवस गेला की पुढचा. उतरायचे ठिकाण ओळखायला आधीच्या थांब्यावरची ठळक खूण द्या: पेट्रोल पंप, देऊळ, शाळेची कमान. दुकानाची पाटी खूण म्हणून घेऊ नका, दुकाने बदलतात.

मुद्दाम बिघाडही शिकवा. बस आली नाही तर? पुढच्या थांब्यावर उतरलो तर? पावसाळ्यात बसच्या काचा धुरकट होतात आणि खुणा दिसत नाहीत, म्हणून जून-जुलैत एक आठवडा पुन्हा सोबत करा. छत्री विसरली जाते, अंगावरचा रेनकोट बरा.

तिकिटाचे नियम सीमेवर बदलतात. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना साध्या बसमध्ये मोफत प्रवास आहे, पण ओळखपत्र दाखवून शून्य रकमेचे तिकीट मागून घ्यावे लागते. मुलीला हे मागायला शिकवा. तिकीट न घेता बसणे म्हणजे विनातिकीट प्रवास. चंदगडची मुलगी कर्नाटकच्या बसमध्ये बसली तर तिला ही सवलत नाही. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागते. मुलांसाठी दिव्यांग सवलतीचा पास काढा, त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते.

सुरक्षितता

फेफरे येणारे काहीजण वर्गात असतीलच. औषधाची वेळ कामाच्या तक्त्यावर लिहा. झटके आटोक्यात नसतील तर तळणीची कढई, उंच शिडी आणि फिरते यंत्र यांपासून लांबचे काम द्या. झटका आला तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही किंवा लगेच दुसरा आला तर दवाखान्यात न्या. हे कँटीनच्या प्रत्येकाला करून दाखवा, कारण त्या क्षणी प्रशिक्षक तिथे असेलच असे नाही.

कोण कुठे हात लावू शकतो, नकार कसा द्यायचा, कुणाला सांगायचे हे मुली आणि मुले दोघांनाही स्पष्ट शब्दांत शिकवा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची दाद प्रशिक्षणार्थी स्त्रीलाही मागता येते, आणि कॉलेजात अंतर्गत समिती असते. समितीच्या अध्यक्षांचा चेहरा मुलींच्या ओळखीचा हवा, म्हणून पहिल्या महिन्यातच भेट घडवा.

बाहेरची नोकरी

तिसरी फेरी सुरू होताच मालकांकडे जायला लागा. शेवटच्या महिन्यात धावपळ केली तर मिळेल ते काम गळ्यात पडते. जाताना "एका दिव्यांगाला संधी द्या" म्हणू नका. दुकानात तास-दोन तास उभे राहा आणि विचारा, तुमचे कुठले काम रोज मागे राहते? मिठाईच्या दुकानात कुंद्याचे खोके जोडणे आणि लेबल लावणे, उद्यमबागेच्या कारखान्यांत नटबोल्टची मोजून पाकिटे करणे, वडगाव-शहापूरच्या मागांवर कांड्या भरणे, रुग्णालयात चादरींच्या घड्या: कुशल कामगाराचा वेळ खाणारी अशी कामे एकत्र करून एक जागा तयार होते. फाउंड्रीच्या भट्टीजवळचे काम मात्र घेऊ नका. सोबत एक मिनिटाचा मोबाइल व्हिडिओ न्या, प्रशिक्षणार्थी प्रत्यक्ष काम करतानाचा. शब्दांपेक्षा त्याने मालक लवकर तयार होतो.

मजुरी पहिल्याच बैठकीत ठरवा. शिकण्याचा काळ किती आठवडे आणि त्यानंतर किमान वेतन, हे लिहून घ्या. "चहापाणी देतो" यावर सुरू झालेली नोकरी त्यावरच राहते. ज्या आस्थापनेला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू आहे तिथे दिव्यांग कामगारासाठी महिना २५,००० रुपये पगारापर्यंत ते मिळते, इतरांना २१,००० पर्यंत. घरातल्या आजारपणाचा खर्च त्यातून सुटतो, हे पालकांना सांगा.

पहिला आठवडा प्रशिक्षक दिवसभर सोबत, दुसरा अर्धा दिवस, तिसऱ्यात सकाळी तासभर, मग आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा वर्षभर. दुकानातल्याच एका कामगाराला पहिल्या दिवसापासून जोडीला द्या. मालक नको, रोज शेजारी उभा राहणारा माणूस हवा. प्रशिक्षक जाताना सूचना त्याच्या तोंडून येऊ लागल्या पाहिजेत.

घडी बिघडते ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, आणि कारण प्रशिक्षणार्थ्यात नसते. जोडीदार नोकरी सोडतो, कामाची पाळी बदलते, माल ठेवायची जागा हलते. म्हणून मालकाला एकच विनंती करून ठेवा: बदल करायच्या दोन दिवस आधी फोन करा. त्या दोन दिवसांत प्रशिक्षक जाऊन नवी जागा, नवी वेळ पुन्हा तुकड्यांत शिकवतो. आणि नोकरी सुटलीच तर त्याला घरी न बसवता दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कँटीनमध्ये परत आणा. नवीन काम मिळेपर्यंत त्याची बस, त्याची वेळ आणि त्याचा डबा चालू राहिला पाहिजे. त्यासाठी दर वर्षी एक जागा रिकामीच ठेवा.